सहा डबे आन एक ओंजळ

हेडसरांनी खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाईची पिशवी शाळेच्या व्हरांड्यात उपडी केली. पोरं वर्गाच्या दारातून माना काढून बघायली. काय निघालं? चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, आन फडकं सुटून बाहेर आलेली अर्धी भाकर. तांदळाचा दाणा नाय.

"मग तांदूळ जातो कुठं?" हेडसर म्हणले.

सुदर्शन सरांना खुलताबादकडच्या या शाळेवर हेडसर म्हणून येऊन आठ दिवस झाले होते. खिचडीला गोजरबाई रोज पोत्यातून सहा डबे तांदूळ काढायची, ते त्यांनी दारात उभं राहून मोजलेलं. डब्यावर छापलेलं व्हतं, चहा, एक किलो. म्हणजे सहा डबे, सहा किलो. पन्नास किलोचं पोतं आठ दिवस जायला पायजे. चौथ्या दिवशीच तळ दिसला. सर म्हणले, आजच वर कळवतो, उद्यापासून दुसरी बाई.

गोजरबाईनं तोंड सोडलं. बारा वर्षं हितं धूर खाल्ला, कुणी पदर झाडायला लावला नाय. एकशे तीस पोरं सहा किलोत जेवत्यात व्हय? सरांनी घरी कधी भात टाकलाय का? एवढं बोलून तिनं काडेपेटी कमरेला खोचली आन पायरीवर बसली. वजन झाल्याबिगर चूल पेटणार नाय म्हणली.

शाळेचा काटा कवाच बिघडलेला. समोरचा किराणावाला मोहियोद्दीन आपला काटा घेऊन आला. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर घेतला. तांदूळ भरला, वरून हात फिरवून सपाट केला.

दोन किलो दीडशे.

"चायपत्ती लई हलकी असती, सर," मोहियोद्दीन म्हणला. "किलोभर भरायला डबा मोठाच लागतो. त्याच्यात चावल भरला तर वजन दुपटीच्या वर जातंय. दुकानात पोरगंबी सांगंल."

सरांनी मोबाइल काढला. सरकारी नियमानं पोरामागं शंभर ग्रॅम, एकशे तीस पोरं, तेरा किलो. सहा डब्यांचे भरले बारा किलो नऊशे. तेवढ्यावर गप बसतील तर सर कसले. म्हणले, मग शंभर ग्रॅम कमीच पडतात की.

गोजरबाई उठली. काट्यावरचा डबा उतरवला, मोहियोद्दीनला काटा परत शून्यावर घ्यायला लावला. पोत्यात दोन्ही हात घातले आन ओंजळ काट्याच्या ताटलीत सोडली. शंभरावर दोन.

"सहा डबे झाल्यावर वरून एक ओंजळ टाकते रोज," ती म्हणली. "डबे मोजून तुमी पाठ फिरवायचे."

सरांनी चष्मा पुसला. गैरसमज झाला म्हणले. मावशी, चूल पेटवा, पोरं भुकेली आहेत.

गोजरबाईनं कमरेच्या काडेपेटीला हात लावला नाय. दारातल्या पोरांकडं एकवार बघितलं, मग व्हरांड्यात सांडलेल्या सामानाकडं.

"ज्यानं सांडलं त्यानं भरावं."

मोहियोद्दीन काटा उचलायचा थांबला. सर खाली वाकले. चष्म्याचं घर, गोळ्या. भाकरीला धूळ लागलेली, ती त्यांनी फुंकली, फडक्यात नीट बांधली आन पिशवीत ठेवली.

तवा कुठं आत काडी ओढल्याचा आवाज आला.