जुळत नाही

"कुणी काय निवडलं ते कुणालाच कळणार नाही," प्रयोगशाळेत मृण्मयी धाकट्या भावाला म्हणाली. तिनं घडवलेलं क्वांटम यंत्र दोघांची गुपितं न उघडता ताडून पाही आणि एवढंच सांगे : जुळली की नाही.

आईचा व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, हे तोंडानं बोलायचा धीर दोघांनाही नव्हता. तिनं डोळे मिटून 'काढा' निवडलं. भावानं पाठ फिरवून आपलं बटण दाबलं.

'जुळत नाही.'

यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. पण पर्यायच दोन! ज्याला स्वतःचं उत्तर ठाऊक, त्याला दुसऱ्याचंही कळलंच. आईच्या काळजीत तिला एवढं साधं सुचलं नव्हतं.

"ताई, तू?" तो गर्रकन वळला. "इतकी वर्षं ती अंथरुणात, तिचं सगळं तू केलंस, आणि तू?"

म्हणूनच रे, एवढंच तिला म्हणायचं होतं.