मागच्या वर्षीचे आभार

माईक प्रबुद्धच्या तोंडापुढे आला तशी प्रतीक्षानं ओढणी सारखी केली आणि घसा साफ केला. धाकटा भाऊ बोलणार म्हणजे लोकांना सांगणार ती. तो बोलायला लागल्यापासून हेच चालत आलेलं. गावाला त्याचं बोलणं म्हणजे नुसती घरघर वाटायची. त्यातून शब्द वेचून काढावेत ते प्रतीक्षानंच.

पण प्रबुद्धनं मान वळवली ती दुसऱ्या बाजूला. तिथं हर्षाली उभी होती. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याच्या वर्गात असलेली, सव्वीस जानेवारीची ग्रामसभा बघायला आलेली पाहुणी. "तू सांग," तो तिला म्हणाला.

जेवता जेवता पानावरून उठवावं तसं झालं प्रतीक्षाला. जेमतेम सहा महिन्यांची ओळख, आणि ही सांगणार? प्रतीक्षाच्या पर्समध्ये त्याचं तोंड पुसायला घडीचा नॅपकिन होता, पाण्याची बाटली होती. ह्या पोरीकडं साधा रुमाल तरी होता का? अडकू दे हिला, प्रतीक्षा मनात म्हणाली. चांगली चारचौघांत तोंडघशी पडू दे.

सरपंच रखमाजीअण्णांनी नुकतीच प्रबुद्धच्या अंगावर शाल घातली होती. "असं अंग असून पोरगं इंजिनेरिंगला गेलं, गावाचं नाव काढलं," एवढं बोलून त्यांनी टाळ्याही घेतल्या होत्या. जिलबीची टोपली दाराशी येऊन थांबली होती. सत्काराला उत्तर म्हणून पोराचे दोन शब्द झाले की वाटायची.

प्रबुद्ध बोलू लागला. मान एकीकडे, हात दुसरीकडे, एकेक शब्द ओढून काढत. हर्षाली ऐकायची आणि जसंच्या तसं सांगायची.

"मला सेरेब्रल पाल्सी आहे. शाप नाही, कुणाचं पाप नाही. अंग माझं ऐकत नाही, एवढंच. डोकं शाबूत आहे."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. 

"बारावी झालो तेव्हा, मागच्या वर्षी पंधरा ऑगस्टलाही, शाल मिळाली. ती घालून मी इथं यायचं कसं? या पंचायतीच्या ऑफिसला पाच पायऱ्या आहेत. मला चाकाच्या खुर्चीसकट चौघं उचलून आणतात. बाकीच्यांना चौघं एकदाच उचलतात. मला दर सभेला."

मागं कुणीतरी हसलं आणि मधेच गप्प झालं. प्रतीक्षा तर चरकलीच. असलं अभद्र, भरसभेत? तिनं हे मेलं तरी सांगितलं नसतं. ह्याच गावात राहायचं, उद्या पुन्हा ह्याच चौघांना हाक मारायची. पण प्रबुद्ध हसत होता. हर्षालीकडं बघून, ओठ एका बाजूला ओढून. घरी प्रतीक्षाकडं बघून हसायचा, अगदी तसा. तिचा नुसता जळफळाट झाला.

मग प्रबुद्धचा पारा चढला. चिडला की त्याचा जबडा आवळायचा आणि शब्द एकमेकांत गुंतायचे. तो एक लांबलचक वाक्य बोलला आणि हर्षाली थांबली.

"परत?"

तो परत बोलला. तिनं वाकून कान जवळ नेला. तो तिसऱ्यांदा बोलला. तिनं मान हलवली. "सॉरी. नाही कळलं मला."

सभा चुळबुळली. रखमाजीअण्णांनी प्रतीक्षाकडं हात केला. "तू सांग की गं. तुलाच कळतं त्याचं. उगं पावण्या पोरीला कशाला तरास?"

ह्याच शब्दांची तर ती वाट बघत बसली होती. हर्षालीनं आपणहून माईक तिच्या हातात दिला. काळजाला कसं गार वाटलं.

प्रबुद्ध काय बोलला ते प्रतीक्षाला पहिल्याच खेपेला कळलं होतं. ते दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं, हर्षालीलाही नाही. म्हणजे ती आता काहीही सांगू शकत होती. 'तो सगळ्या गावाचे आभार मानतोय,' एवढं म्हटलं की टाळ्या, जिलबी आणि घर. तिनं सांगितलेलं खोडून काढायला प्रबुद्धकडं होतं तरी काय? तो तिच्याकडं टक लावून बघत होता. आता तो हसत नव्हता.

"तो म्हणतोय..." प्रतीक्षानं माईक तोंडाजवळ धरला. "तो म्हणतोय, मागल्या वर्षी पण मी हेच बोललो व्हतो. ह्या पायऱ्यांचंच. माझ्या ताईनं तुमाला आभार म्हणून सांगितलं."



"खरं का गं हे?" अण्णांनी विचारलं.

"खरंय. मीच बदललं व्हतं. आमाला गावात राहायचंय, म्हणून."

अण्णांनी दारातून खाली पायऱ्यांकडं बघितलं. जणू त्या आजच कुणी बांधल्या होत्या. मग ते ग्रामसेवकाकडं वळले. "लिवून घ्या. पायऱ्यांच्या अंगानं उतार करायचा. अन् ह्या येळी आभार लिवू नगा."

माईक बंद झाला, जिलबीची टोपली आत आली. प्रतीक्षा खाली मान घालून भावाच्या खुर्चीशी उभी होती. प्रबुद्ध तिच्या बाजूला कलून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?" हर्षालीनं पुढं वाकून विचारलं.

"ते सभेसाठी न्हाई," प्रतीक्षा म्हणाली. "मला म्हणालाय." आणि तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली.