पाचशे माणसांचं वरण

"कुक," आरती म्हणाली, आणि खुशालरावांच्या बशीतला चहा मांडीवर सांडला.

खुशालराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात भरतीचा विषय निघाला की त्यांचं मत शेवटचं. अमरावतीला टेरिटोरियल आर्मीची भरती निघाली होती. एरवी आपला कामधंदा सांभाळायचा आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची, अशी ही फौज, हे आरतीनेच मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. तिथे कोणती जागा धरावी, ते सांगायला खुशालराव रामरावांच्या ओसरीवर मुद्दाम आले होते. त्यांच्या मते क्लार्कसारखी जागा नाही. डोक्यावर पंखा आणि बुडाखाली खुर्ची.

"पोरी, चूल तं घरी बी हाय," ते म्हणाले. "त्याच्यासाठी फौजेत कावून जा लागते?"

आरतीने वाद घातला नाही. कुकच्या परीक्षेत काय काय करायला लावतात आणि धावताना पहिल्या फेरीत दम कसा राखायचा, एवढंच तिने विचारलं. खुशालराव नाराज झाले, पण विचारल्यावर हातचं राखून सांगणारा तो माणूस नव्हता. चहा दुसऱ्यांदा झाला तरी ते सांगतच होते.

गावाला तेवढं पुरलं. रामरावांची पोरगी फौजेत भाकरी थापायला चालली, असं दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. रामराव पंचक्रोशीतले नावाजलेले आचारी. लग्न असो की तेरवी, मोठ्या पंगतीचा स्वयंपाक त्यांच्याकडे. आरती त्याच चुलाणांभोवती वाढलेली, मग तिला दुसरं काय सुचणार, असं लोक म्हणत.

बापाची हौसही गावाला ठाऊक होती. एकोणिसाव्या वर्षी रामराव अकोल्याच्या भरतीत सगळ्यांच्या पुढे धावले होते. छाती दोन बोटं कमी भरली आणि त्यांना घरी पाठवलं. पुढच्या वर्षी लग्न, त्याच्या पुढच्या वर्षी आरती. वर्दीऐवजी खांद्यावर पंचा आला. आता आपलं राहिलेलं स्वप्न तो लेकीकडून पुरं करून घेतोय, असं गावाने आपसातच ठरवून टाकलं. घरातल्या तिघांनी गावाचं म्हणणं कधी खोडलं नाही. लोकांना आधीच हसायला कारण कशाला द्यायचं, असं आरतीच्या आईचं, दुर्गाबाईंचं, मत होतं.

रोज फटफटायच्या आत बापलेक गावाबाहेरच्या शाळेच्या मैदानावर जायचे. तिथे काय चालतं ते बघायला इतक्या सकाळी कोणाला सवड होती? दुर्गाबाईंनी घरातलं तळण बंद केलं आणि दूध वाढवलं. रामरावांनी तर लग्नघरी बुंदी चाखायचंही सोडलं. लेकीला साथ द्यावी तर अशी, असं बायका आपापल्या नवऱ्यांना सुनावू लागल्या.

घरात भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. रामरावांचा सगळा जीव बंदुकीत.

"फौजेत जायचं आन् तिथं बी वरनच ढवळाचं?" एका संध्याकाळी पातेली घासता घासता ते म्हणाले.

"बंदुकीसाठी हजार पोट्टे येतीन, बाबा," आरती म्हणाली. "पाचशे मानसाचं वरन एकसारखं उतरवनारं मानूस त्याच्यात एखादंच राहीन. जे आपल्या हातात हाय ते लपवून कावून ठेवाचं? वयात बसाचं हे शेवटचं वर्ष हाय. यंदा नाई तं कधीच नाई."

रामरावांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ज्या कामाला ते जन्मभर नुसतं पोटापाण्याचं काम म्हणत आले, त्याची पोरीने अशी किंमत केली होती. ते पुन्हा घासायला घेत ते म्हणाले, बरं, कुक तर कुक.

धावणं झालं, स्वयंपाकाची परीक्षा झाली, डॉक्टरी तपासणी झाली. प्रत्येक वेळी बापलेक सोबत गेले आणि सोबत आले. कोणी विचारलं तर आरती म्हणायची, बरं गेलं. दुर्गाबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. एकदा त्या भाजीत मीठ घालायचंच विसरल्या, आणि आचाऱ्याच्या घरात ती भाजी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

निकालाच्या दिवशी दुपारी अमरावतीहून आरतीचा फोन आला. दुर्गाबाई ऐकता ऐकता ओट्यावरच बसल्या आणि रडायला लागल्या. शेजारची तानुबाई धावत आली.

"माह्या घरचं मानूस फौजेत गेलं वं," दुर्गाबाई म्हणाल्या.

तानुबाईने ही बातमी गावभर केली. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर ताशेवाले आले, गुलाल आला, पोरंटोरं आली. खुशालराव आपली जुनी फौजी टोपी घालून, झेंडूचा मोठा हार घेऊन सगळ्यांत पुढे. कुकच्या जागेला आपण हसलो ते चुकलो, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. बर्फात ड्युटी करून आल्यावर हातात गरम वरण देणारा कुक आपल्याला देवासारखा वाटायचा, हे ते म्हणे विसरूनच गेले होते.

अकोल्याहून येणारी गाडी थांबली. दारातून आधी आरती उतरली आणि ताशे कडाडले. गुलालाने कोणाला काही दिसेना. खुशालराव हार उंच धरून तिच्या गळ्यात घालायला पुढे झाले, तसा तिने तो वरच्यावर दोन्ही हातांनी धरला. तिचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. दार मोकळं करून ती बाजूला सरकली.

"आबा, या भरतीत बेचाळीस वर्षांपर्यंत घेतात," ती खुशालरावांना म्हणाली. "फौजी माह्या मांगून उतरून राहिले."