मागच्या सभेचं इतिवृत्त

ग्रामसेविका मागच्या सभेचं इतिवृत्त वाचू लागली, तशी अंगणवाडीची मदतनीस सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसली. त्या सभेत ती जन्मात पहिल्यांदा उठून बोलली होती. पण घरपट्टीच्या वाढीवरून तेव्हा एवढी बाचाबाची चालली होती, की तिचं बोलणं शेजारणीलाही ऐकू गेलं नसावं, असंच तिला वाटलं होतं. घरी जाताना तिने स्वतःलाच बोल लावला होता.

घरपट्टीवरची दोन पानं संपली.

"श्रीमती अनसूया धोंडिबा कोळपे यांनी मांडले की, अंगणवाडीच्या नळाला मुलांचा हात पोचत नाही. तो हातभर खाली घ्यावा." ग्रामसेविकेने मान वर केली. "यंदाच्या अंदाजपत्रकात धरलंय, मावशी."

गावाला ती नुसती मावशी. स्वतःचं पूर्ण नाव तिने कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"कुणाला काही दुरुस्ती?" सरपंचांनी विचारलं.

मावशी उठली. या वेळी सगळी सभा गप्प होती.

"दुरुस्ती नाय काही," ती हात जोडून म्हणाली. "तेवढं नळाचं पुन्हा एकदा वाचा, ताई."