वेगळी ड्राइव्ह

"आजोबा, सिम्युलेटर उघडतच नाहीये!" ऋजुता ओरडली.

संगणकावर विमान उडवायला तिला मीच शिकवत होतो. "सिम्युलेटरसाठी वेगळी एसएसडी ड्राइव्ह लावू," हेही मीच सुचवलं होतं. "सगळं पटकन उघडेल, अभ्यासाच्या फायलींनाही जागा उरेल." आज ती पहिल्यांदा माझ्या मदतीशिवाय विमान उतरवून दाखवणार होती.

आम्ही संगणकाचं झाकण उघडलं. ड्राइव्हची जागा रिकामी होती.

"मी काढून घेतली," सून दारातून म्हणाली. "दहावी झाली की मिळेल. बरं झालं बाबा, तुम्ही ती वेगळी लावलीत. बाकी कशाला धक्का न लागता निघाली."

ऋजुताने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे वळली.

"म्हणूनच वेगळी लावलीत ना, आजोबा?"

मी नाही म्हणेपर्यंत तिने शेजारची माझी खुर्ची उचलून खोलीबाहेर नेली होती.