येते हं

"मिक्सर लावलायस का रे?" आमच्या सुजयनं बटणांच्या मशिनीवर संगीत चालू केलं, की शालन आतनं ओरडायची. पण आपल्या बँडच्या नव्या अल्बमात पोरानं आईचाच आवाज घातला. बाजाराला निघताना ती दारातनं म्हणायची ना, "येते हं", तेवढाच. अल्बम बाहेर यायच्या आधी ती गेली.

दौऱ्याला आम्ही दोघं जाणार होतो. तिचं तिकीट रद्द झालं, माझं राहिलं. म्हणून जन्मभर टेम्पो चालवलेला मी त्या पोरांबरोबर देशोदेशी हिंडलो. शेवटचा कार्यक्रम बर्लिनला होता. कपाटाएवढ्या स्पीकरातनं शालन बोलली, "येते हं." समोरची हजारभर गोरी पोरं नाचत ओरडली, "येते हं." मी स्टेजच्या कडेला उभा राहून, घरी म्हणायचो तसंच म्हटलं, "ये."

कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं येऊन सुजयला काहीतरी विचारलं. उत्तर ऐकून ती हसत निघाली.

"काय म्हणत होती रे?"

"येते हं म्हणजे काय, विचारत होती. म्हटलं, 'मी जाते'."

खोटं नव्हतं ते. निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून तर आपण 'येते' म्हणतो. तरी मला राहवलं नाही.

"चुकीचं सांगितलंस, बाळा. बोलव तिला. सांग, येते म्हणजे येते."

वायरी गुंडाळणारे सुजयचे हात थांबले. वायरी तशाच टाकून तो त्या मुलीला हाका मारत दाराकडं धावला.