आठवी आणि नववी चौकट

अकराव्या वेळी चेंडूचा ओठ फुटला. त्याने रक्त थुंकलं, जिभेने दात चाचपून पाहिले आणि अंगठा वर केला.

"पुन्हा," मास्तर म्हणाली.

मालिकेतल्या मारामाऱ्या बसवणं हे तिचं काम, म्हणून सेटवर बाई असूनही ती मास्तरच. 'बेछूट पाच' हे कॉमिकमधले पाच मुखवटेवाले वीर आता टीव्हीवर येणार होते. कागदावर जे एका रेघेत होतं ते इथे हाडामांसाच्या माणसांकडून करून घ्यायचं होतं. पाचवा वीर टाचणी, त्याच्या जागी मार खायचा चेंडू. आपटला की उसळून उभा राहायचा. व्हिलनच्या जागी मारायला भिंत होता. त्याला भिंत का म्हणतात हे कुणी विचारत नसे.

प्लायवूडवर शेवटच्या अंकाचं पान टाचलेलं होतं. साखळीचा फटका बरगड्यांत. गुडघा तोंडावर. मानगूट धरून डोकं कठड्यावर, दोनदा. सात चौकटी झक्क बसल्या होत्या. घोडं अडलं होतं ते आठवीपाशी.

आठव्या चौकटीत टाचणी गच्चीच्या कठड्याला लटकलेला होता. हातमोजे कोपरापर्यंत, दहाही बोटं कठड्यावर घट्ट. नवव्या चौकटीत तो खाली रस्त्यावर मोडून पडलेला. मध्ये काय झालं ते काढलेलं नव्हतं. कागदाला ते चालतं, कॅमेऱ्याला चालत नाही.

भिंतीने बोटांवर लाथ हाणली. चेंडू सुटला, बारा फूट खाली गाद्यांवर धप्पकन पडला. तो कंटाळून सुटल्यासारखा दिसला.

"जेवणाआधी शॉट हवाय मला," दिग्दर्शक म्हणाला. "नाहीतर सरळ त्यालाच उडी मारू दे ना. बलिदान वगैरे. लोक रडतील."

"उडी नाही."

ती इतक्या जोरात ओरडली की लाइटवाला शिडीवरून वळून बघायला लागला.

'बेछूट पाच' दोघांनी मिळून काढलं होतं. गोष्ट तिच्या बाबांची, चित्रं काकांची. काका म्हणजे बाबांचे मित्र, पण सख्ख्याहून सख्खे. ती सहा वर्षांची असताना बाबा छापखान्याच्या गच्चीवरून गेले. उडी मारली, असं सगळे म्हणाले. तेव्हा वर छापखान्यात काका एकटेच होते. त्यांनीच सांगितलं होतं की त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेला, म्हणजे ठरवूनच गेला. ते घड्याळ त्यांनी तिच्या हातात दिलं होतं. पट्टा तुटलेला होता. जुनाच होता गं, काका म्हणाले होते.

पट्टा तिने बदलला. आणि या धंद्यात आल्यापासून कुठल्याही स्टंटआधी ती ते घड्याळ काढून टेबलावर ठेवायची. बाबांनी ठेवलं होतं तसंच. हे ती कुणाला सांगत नसे.

बाबांनंतरचा शेवटचा अंक काकांनी एकट्याने काढला. त्यात टाचणीला, बाबांच्या सगळ्यात लाडक्या वीराला, व्हिलनने खाली फेकलं. निदान टाचणीला तरी काकांनी उडी मारू दिली नाही, यासाठी तिचा त्यांच्यावर अतोनात जीव होता. त्याला उडी मारायला लावायची चूक आज तिच्या हातून होणार नव्हती.

काका सकाळपासून मॉनिटरशेजारी बसून होते, काठी गुडघ्यांत धरून. सल्लागार म्हणून त्यांना आणलं होतं आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

बाराव्या वेळी भिंतीने ठोसा मारून पाहिला. चेंडूच्या बोटाचं नख निघालं. तरीही दृश्य जमलं नाही.

"खोटं आहे सगळं," काका एकदम कडाडले. "माणूस असा सुटत नाही!"

"मग कसा सुटतो, काका? तुम्हीच काढलंय की."

"वर न्या मला. ह्या रेड्याला बाजूला कर. तू लटक."

दोघांनी धरून त्यांना जिन्याने चढवलं. मास्तरने घड्याळ टेबलावर ठेवलं, कठड्यापलीकडे गेली आणि हातांवर लटकली. काकांनी काठी टाकली आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"लाथ मारायची नाही. लाथ मारायला मागे सरावं लागतं, तेवढ्यात तो वर येतो. जवळ बसायचं. असं."

त्यांनी तिची उजवी करंगळी धरली आणि उलटी वळवली. कळ खांद्यापर्यंत गेली. ती ओरडली.

"दुखलं?"

"दुखू दे. पुढे सांगा."

"करंगळी आधी. मग तिच्या शेजारचं. तो नावाने हाक मारत राहतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

चित्रकाराचे हात सत्तरीतही पकडीला पक्के होते. एकेक बोट सुटत गेलं आणि तिचा उजवा हात हवेत आला. खाली चेंडूने हळूच शीळ घातली.

"हेच!" दिग्दर्शक ओरडला. "अरे, कॅमेरा लावा, हेच हवंय!"

तिला हसू फुटलं. जमलं होतं. बाबांचा टाचणी उडी मारणार नव्हता. डाव्या हातावर झोके घेत तिने धापा टाकत विचारलं, "आणि हा हात, काका?"

"हा सोडत नाही. कितीही उचकट, सोडतच नाही." काका तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या डाव्या, मोकळ्या मनगटाकडे बघत होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी आवळलं. "मग मनगटच धरायचं आणि पिरगाळायचं. पट्टा तुटतो. घड्याळ तेवढं आपल्या मुठीत राहतं."